रायपूरचे सरकारी हायस्कूल

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे नोकरदार गृहस्थाच्या घरी पहिला प्रश्न निघतो तो मुलांच्या शाळेचा. घर भाड्याने मिळते, सामान आज ना उद्या पोहोचते, नव्या गावच्या हवापाण्याची सवयही होते. पण मुले कोणत्या भाषेत शिकणार आणि शिकून झाल्यावर त्यांच्यापाशी मराठी किती उरणार, हा प्रश्न काही केल्या मिटत नाही. महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाने ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा भविष्यात शोधले आहे. प्रस्तुत लेखात ते इतिहासात शोधण्याचा यत्न केला आहे. त्यासाठी ज्या गावी सध्या माझा मुक्काम आहे, त्या रायपूरचे जुने सरकारी हायस्कूल घेतले आहे. आज ते प्रोफेसर जे. एन. पांडेय शासकीय बहुउद्देशीय उच्चतर माध्यमिक शाळा ह्या लांबलचक नावाने ओळखले जाते. मराठी, बंगाली, हिंदी आणि छत्तीसगढी घरांतील मुले ह्या एका शाळेत कशी बसली आणि तेथून उठून पुढे काय झाली, हे पाहण्यासारखे आहे.

शाळेकडे वळण्यापूर्वी गावाची घडण पाहिली पाहिजे. छत्तीसगढची जुनी राजधानी रतनपूर. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत ह्यांची स्वारी झाली आणि हैहयवंशी राजांचे हे राज्य भोसल्यांच्या वर्चस्वाखाली आले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहून प्रांताचा कारभार पाहत होते. मराठी भाषा आणि मोडी लिपी ह्या मुलखाच्या दप्तरात शिरली ती ह्याच काळात. पुढे १८१८ साली इंग्रज सुपरिंटेंडेंट ॲग्न्यू ह्याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. १८३० पासून १८५४ पर्यंत पुन्हा भोसल्यांचा अंमल आला. १८५४ साली नागपूरचे राज्यच खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांताची रचना झाली आणि १८६२ मध्ये छत्तीसगढचा स्वतंत्र विभाग होऊन रायपूर हे त्याचे मुख्य ठिकाण ठरले.

एवढ्या घडामोडींतून गेलेल्या गावात एकाच जातीची, एकाच भाषेची वस्ती राहणे शक्य नव्हते. भोसल्यांच्या अमलात आलेली मराठी घराणी येथेच राहिली. तात्यापाऱ्याचे नावच त्यांची आठवण सांगते. इंग्रजी कचेऱ्या उघडल्या तसे इंग्रजी शिकलेले बंगाली वकील व अंमलदार आले आणि बुढापाऱ्यात स्थिरावले. संबळपूरचा ओडिया जिल्हा १९०५ पर्यंत मध्यप्रांतातच होता, त्यामुळे पूर्वेकडची वाटही खुली होती. १८९१ साली बंगाल नागपूर रेल्वेचा नागपूर ते आसनसोल हा मार्ग पुरा झाला. १९३१ साली विजयनगरमकडून येणारा फाटाही रायपुरास येऊन मिळाला. ह्या लोहमार्गांनी तेलुगू नोकरदार आणले, गुजराती व कच्छी व्यापारी आणले. आणि ह्या सर्वांच्या भोवती मूळचा छत्तीसगढी शेतकरी, मालगुजार आणि मजूर होताच.

ह्या गावात शाळेची उणीव किती होती, ह्याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. १८७७ साली कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरास आले. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, कुटुंबासह त्यांच्यामागून आला. नागपुरापर्यंत रेल्वे आणि तेथून पुढे जंगलातून बैलगाडी, असा तो प्रवास होता. रायपुरात त्या वेळी शाळा नव्हती, म्हणून नरेंद्राचे ह्या काळातले शिक्षण वडिलांपाशीच झाले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. हे विधान थोडे सावधपणे घेतले पाहिजे. छत्तीसगढी भाषेचे पहिले व्याकरण लिहिणारे हीरालाल काव्योपाध्याय हे १८७५ च्या सुमारास रायपूरच्या जिल्हा शाळेत साहाय्यक शिक्षक होते. तेव्हा शाळा मुळीच नव्हती असे म्हणता येत नाही. परंतु खुद्द हीरालालांना मॅट्रिकसाठी जबलपुरास जावे लागले होते, हेही तितकेच खरे. चरित्रकारांच्या म्हणण्याचा अर्थ एवढाच घ्यावयाचा की, कलकत्त्याहून आलेल्या इंग्रजी वळणाच्या मुलाला पुढे नेऊ शकेल अशी शाळा रायपुरात अद्याप नव्हती. दोन वर्षांनी, १८७९ मध्ये, दत्त कुटुंब कलकत्त्यास परतले. बदलीच्या गावी मुलाला घरी बसवून शिकविणाऱ्या ह्या वडिलांची अडचण आपणा लोकांस समजावून सांगावयास नको.

ही उणीव पुढच्या दशकात भरून निघाली. रायपूरचे सरकारी हायस्कूल उभे राहिले आणि छत्तीसगढच्या मुलाला जबलपूरची वाट धरल्यावाचून मॅट्रिकपर्यंत पोहोचता येऊ लागले. त्या वेळी मध्यप्रांताला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. परीक्षा आधी कलकत्ता विद्यापीठाच्या कक्षेत होत; १८८७ साली अलाहाबाद विद्यापीठ निघाल्यावर नाते तिकडे जडू लागले; नागपूर विद्यापीठ झाले ते १९२३ मध्ये. म्हणजे रायपूरच्या मुलाची शाळा छत्तीसगढात, तिचे वरिष्ठ नागपुरात आणि परीक्षेचे दरवाजे कलकत्त्यास किंवा अलाहाबादेस. शाळेच्या मांडणीतच तीन-चार प्रांतांची सरमिसळ होती.

ह्या शाळेत कोण बसले ते पाहू. ज्या १८७७ साली नरेंद्र रायपुरास आला, त्याच साली हरिनाथ दे ह्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील रायबहादुर भूतनाथ दे हे रायपुरात राहत. हरिनाथांचे शालेय शिक्षण रायपुरात झाले. तेथून ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि पुढे केंब्रिजला गेले. १९०७ साली ते कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे पहिले भारतीय ग्रंथपाल झाले. १९११ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तोवर देशी-परदेशी मिळून चौतीस भाषा त्यांनी आत्मसात केल्या होत्या असे सांगतात. इतक्या भाषांचा लोभ केवळ शाळेने लावला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ते त्यांच्या प्रतिभेचे देणे होते. पण ज्या मुलाच्या कानांवर घरात बंगाली, रस्त्यात छत्तीसगढी, बाजारात हिंदी, शेजारी मराठी आणि वर्गात इंग्रजी पडत होती, त्याला परकी भाषा म्हणजे काही भयंकर वस्तू आहे असे वाटण्याचे कारण नव्हते, एवढे निश्चित.

१८७७ सालीच सागर येथे जन्मलेले पंडित रविशंकर शुक्ल हेही रायपूरच्याच हायस्कुलाचे विद्यार्थी. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातून पदवी घेऊन, काही काळ शिक्षकी करून ते रायपुरास वकील झाले आणि १९५६ साली नव्या मध्यप्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले. मूळ छत्तीसगढी मातीचे नाव घ्यावयाचे तर डॉ. खूबचंद बघेल ह्यांचे. १९०० साली पथरी ह्या खेड्यात शेतकरी घरी त्यांचा जन्म झाला. रायपूरच्या सरकारी हायस्कुलातून ते नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमध्ये गेले, डॉक्टर झाले, स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, छत्तीसगढी बोलीत त्यांनी नाटके लिहिली आणि छत्तीसगढच्या स्वतंत्र अस्तित्वासाठी अखेरपर्यंत झटले.

ह्या मालिकेत मराठी वाचकास सर्वांत जवळचे नाव माधवराव सप्रे ह्यांचे. त्यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. लहानपणी ते घरच्यांबरोबर बिलासपुरास आले आणि तेथील शिक्षण पुरे करून हायस्कुलासाठी रायपुरास दाखल झाले. येथे नंदलाल दुबे ह्या शिक्षकांच्या सहवासात त्यांना हिंदी लेखनाची गोडी लागली. पुढे ते बी.ए. झाले. तहसीलदारीची संधी चालून आली असता त्यांनी ती नाकारली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आपल्यापैकी किती जणांना तो मोह आवरला असता, हा प्रश्न येथे न विचारलेला बरा. ते पेंड्रा येथे राजकुमाराचे इंग्रजीचे शिक्षक झाले आणि जानेवारी १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. प्रकाशक होते रायपूरचे वामन बळीराम लाखे, सहसंपादक रामराव चिंचोलकर; छपाईचा आरंभ रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात झाला. तिघे मराठी गृहस्थ, छापखाना मुसलमान मालकाचा, भाषा हिंदी आणि नाव छत्तीसगढचे! हे मासिक तीनच वर्षे, १९०२ अखेरपर्यंत, चालले. परंतु छत्तीसगढातील पत्रकारितेचा आरंभ येथूनच धरतात, आणि सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही १९०१ सालची कथा हिंदीतील पहिल्या कथांत गणली जाते.

आता ह्या शाळेच्या स्वभावाकडे येऊ. ह्या शाळेचे वैशिष्ट्य काय, असे विचारले तर पुष्कळ लोक म्हणतील की तेथे अनेक भाषांची मुले एकत्र होती. ते खरे आहे, पण अपुरे आहे. अनेक भाषांची माणसे बाजारातही एकत्र येतात. ह्या हायस्कुलाचे खरे वैशिष्ट्य असे की, तेथे कोणाचीच घरची भाषा वर्गाची भाषा नव्हती. वरच्या वर्गांत माध्यम इंग्रजी, दुसरी भाषा म्हणून संस्कृत किंवा फारसी, व्यवहाराला हिंदी. मराठी मुलाला हिंदी शिकावी लागे, तशी बंगाली मुलालाही. आणि ज्याला आपण ‘स्थानिक’ म्हणून एका बाजूस काढतो, त्या छत्तीसगढी मुलाची स्थिती तरी काय होती? त्याच्या आईची बोली पुस्तकात कोठेच नव्हती. हीरालालांनी १८८५ च्या सुमारास तिचे व्याकरण लिहिले आणि ग्रियर्सनने १८९० साली ते इंग्रजीत छापवून आणले. तरी शाळेच्या फळ्यावर तिला जागा मिळाली नाही. तिला राज्याच्या राजभाषेचा मान मिळावयास २००७ साल उजाडावे लागले. म्हणजे त्या वर्गात बसलेला प्रत्येक मुलगा आपापल्या घराचा उंबरठा ओलांडून आलेला होता. घरधनी कोणी नाही आणि पाहुणाही कोणी नाही, अशी ती बैठक होती. अशा ठिकाणी एकमेकांविषयी आदर बाळगणे हा उपदेशाचा विषय राहत नाही, ती रोजची गरज होऊन बसते.

ह्याच गावात दुसऱ्या प्रकारची एक शाळा होती, तिच्याशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. संस्थानिकांच्या व जमीनदारांच्या मुलांसाठी १८८२ साली जबलपुरास निघालेले राजकुमार कॉलेज १८९४ साली रायपुरास आले. तेथेही मुले दूरदूरच्या संस्थानांतून येत. वरवर पाहता तीही बहुरंगी शाळाच. परंतु तिच्या फाटकातून आत जाण्याचा परवाना जन्माने मिळत असे. मुले मुलखांनी वेगळी, दर्जाने एक. सरकारी हायस्कुलात मुलखाबरोबर व्यवसाय वेगळे, घरची सांपत्तिक स्थिती वेगळी, जाती वेगळ्या. आणि सर्वांस समान अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे परीक्षा.

पण गतकाळाचे चित्र रंगविताना हात सैल सोडणे बरे नव्हे. सरकारी शाळेचा दरवाजा सर्वांस उघडा होता तो नियमाने. प्रत्यक्षात फी, अंतर आणि जात ह्यांची राखण त्या दरवाज्यापाशी होतीच. खेड्यातल्या शेतमजुराच्या मुलाला रायपुरात राहून शिकणे परवडणारे नव्हते. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. त्यांच्यासाठी सप्र्यांनाच पुढे रायपुरात जानकीदेवी महिला पाठशाळा काढावी लागली. शिवाय शाळा सरकारी असल्यामुळे तिने सरकारला हवी तशी माणसे घडवावी, ही अपेक्षा होतीच. ती अपेक्षा १९२०-२१ च्या असहकाराने उधळली. रायपुरात राष्ट्रीय विद्यालय निघाले, आणि त्याची धुरा वाहणाऱ्यांत वामनराव लाखे होते. लाख्यांनी त्या वेळी सरकारने दिलेली ‘रायसाहेब’ ही पदवी परत केली, तेव्हा लोकांनी त्यांना ‘लोकप्रिय’ ही पदवी दिली. पुढे १९३८ मध्ये रायपुरास छत्तीसगढ कॉलेज निघाले. ते काढणारे प्राचार्य जे. योगानंदम हे तेलुगू भाषक. मराठी, बंगाली, तेलुगू, हिंदी ह्या सर्वांनी ह्या गावाच्या शिक्षणात आपापली वीट रचली आहे, आणि कोणीही ती केवळ आपल्या भाषेच्या मुलांसाठी रचलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. जुना मध्यप्रदेश द्वैभाषिक होता. १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी ह्या दोन्ही त्याच्या राजभाषा ठरल्या होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी नागपूरहून भोपाळास गेली, आणि रायपूरच्या मराठी माणसाची भाषा एका दिवसात राजभाषेची खाजगी भाषा झाली. गाव तेच, घर तेच, तात्यापारा तोच. सरहद्द मात्र सरकून पश्चिमेस गेली. माध्यमिक शाळांविषयी मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली होती. रायपूरच्या हायस्कुलाच्या नावातील ‘बहुउद्देशीय’ हा शब्द त्या काळाची खूण आहे. त्याच सुमारास भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. फाळणीने घरदार सुटलेले सिंधी रायपुरात वसले. १९६४ च्या सुमारास पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची मोठी छावणी जवळच माना येथे पडली. गाव पूर्वीपेक्षा अधिक बहुरंगी झाले. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणातील त्रिभाषा सूत्र प्रत्यक्षात मात्र हिंदी, इंग्रजी आणि बहुधा संस्कृत असेच चालले. मराठीला त्यात जागा उरली नाही. २००० साली रायपूर छत्तीसगढ राज्याची राजधानी झाले आणि बदलीवर येणाऱ्यांची संख्या आणखी वाढली.

आज आपल्यासारख्यांची मुले बहुधा केंद्रीय विद्यालयात जातात. १९६३ पासून चालत आलेली ही योजना बदलीच्या नोकरदारांस वरदान आहे, ह्यात शंका नाही; गाव बदलले तरी पुस्तक बदलत नाही. तेथेही वर्गात मल्याळी, ओडिया, पंजाबी, मराठी मुले शेजारी शेजारी बसतात. पण जुन्या हायस्कुलात आणि ह्यात एक फरक आहे, तो ध्यानात घेतला पाहिजे. जुन्या हायस्कुलात बाहेरचा मुलगा गावच्या मुलाशेजारी बसत असे. आपली मुले बरीचशी दुसऱ्या बदलीवाल्यांच्या मुलांशेजारी बसतात. तीन-चार वर्षे रायपुरात काढून, छत्तीसगढीचे एक वाक्यही न येता ती पुढच्या गावी जातात. त्यांच्या लेखी रायपूर म्हणजे दाखल्यावरचे एक नाव राहते.

आणि मराठीचे काय? ह्या प्रश्नाला सप्र्यांच्या चरित्राहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही. दमोह, बिलासपूर आणि रायपूर ह्या तिन्ही ठिकाणी त्यांच्या भोवती हिंदी होती. त्यांनी आयुष्यभर लिहिले ते हिंदीत. १९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तरी मराठी त्यांच्यापाशी इतकी जिवंत होती की समर्थांचा ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत नेला, १९१५ साली निघालेल्या लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद १९१६ मध्ये वाचकांच्या हाती दिला, चिंतामणराव वैद्यांचे महाभारतावरील विवेचन ‘महाभारत मीमांसा’ म्हणून हिंदीत आणले. ही ग्रंथांची भाषा हिंदी मुलखातल्या शाळेने त्यांना शिकविलेली नव्हती. ती घराने दिली, घरातल्या पोथ्यांनी दिली, आप्तेष्टांच्या बोलण्याने दिली. शाळेने त्यांना हिंदी दिली, आणि घराने दिलेले तिने काढून घेतले नाही. दोन्ही हाती असल्यामुळेच ते दोन भाषांमधला पूल होऊ शकले.

तेव्हा परप्रांतातल्या शाळेने आपल्या मुलांची मराठी बुडविली, ही तक्रार इतिहासाच्या कसोटीला पुरेशी उतरत नाही. जी भाषा संध्याकाळी जेवताना बोलली जात नाही, जिचे एखादे पुस्तक घरात उघडे पडलेले दिसत नाही, ती पुण्यामुंबईच्या शाळेतही टिकत नाही. रायपुरात १९३५ पासून महाराष्ट्र मंडळ आहे. तेथे सणावारी मुलांना नेणे चांगले, परंतु मंडळ हे घराच्या जागी उभे राहू शकत नाही. जे घराचे काम आहे ते घरानेच करावयास हवे. शाळेकडून मागावयाचे ते दुसरेच आहे : आपला मुलगा ज्या मुलखाचे अन्न खातो, त्या मुलखाच्या मुलांशी त्याची ओळख व्हावी, त्यांची बोली त्याच्या कानांस परकी राहू नये, आणि आपण येथे चार दिवसांचे पाहुणे आहोत ही भावना त्याच्या मनात मुरू नये.

आज रायपुरात बुढापाऱ्याजवळ सप्रे शाळा आहे, सप्रे शाळेचे मैदान आहे, लाखेनगर नावाची वस्ती आहे. तेथे खेळणाऱ्या मुलांपैकी फारच थोड्यांना ही आडनावे मराठी आहेत हे ठाऊक असेल, आणि ते ठाऊक नसले तरी काही बिघडत नाही. गावाने ती नावे आपली म्हणून वापरावयास घेतली आहेत. बाहेरून आलेल्या माणसांना गावाकडून ह्याहून मोठी पावती मिळत नसते. ती सप्र्यांना आणि लाख्यांना मिळाली, कारण रायपूर हे त्यांनी कधी बदलीचे ठिकाण मानले नाही.